जे पुसता येणार नाही, ते आखण्याआधी : शहरांच्या नियोजनकारांना खुलं पत्र

प्रति,
विकास प्राधिकरणांचे अध्यक्ष, नगररचना विभागांचे संचालक, रस्ते आणि वाहतूक खात्यांचे मुख्य अभियंते आणि शहरांचे आराखडे तयार करणारे सर्व सल्लागार यांस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कुणालाही मी कधी मत दिलेलं नाही, आणि पुढेही देऊ शकणार नाही. मतपत्रिकेवर तुमचं नाव नसतं. तरीही माझी गल्ली किती रुंद असावी, कोपऱ्यावरची शाळा तिथंच राहावी की तिच्या जागी वाहनतळ यावा, ज्या घरात म्हातारपण काढायचं म्हणून मी धरून चालले आहे ते रस्त्याच्या रेषेत येतं की नाही, हे माझ्या नगरसेवकापेक्षा तुम्ही जास्त ठरवता. नगरसेवकाला निदान निवडणुकीच्या वेळी तरी दारात यावं लागतं. तुम्ही आखलेला रस्ता पन्नास वर्षं दारात असतो, आणि तुम्ही मात्र एकदाही येत नाही.

हे पत्र तज्ज्ञांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. सांडपाण्याच्या वाहिनीचा उतार बहुमतानं ठरत नाही. पूल किती भार सोसेल, हे सभेत हात वर करून मोजता येत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची पुनर्रचना करणारे अधिकारी ओस्मान यांच्या काळात तिथं दुरून स्वच्छ पाणी आणलं गेलं, मोठी भुयारी गटारं बांधली गेली, त्यामुळे पुढच्या पिढ्यांचे किती जीव वाचले असतील! हे श्रेय तुमच्या व्यवसायाचं आहे आणि ते कुणी नाकारू नये. माझी तक्रार निराळी आहे. वाहिनीचा व्यास ठरवण्यासाठी दिलेला अधिकार हळूहळू माणसांनी कुठं राहायचं हे ठरवण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. वाटेत कुठंही त्याला अडवून कुणी विचारत नाही, की हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

हे कसं घडतं ते बघायचं तर न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मोझेस यांची कारकीर्द बघावी. तुमच्या अभ्यासक्रमात ती असणारच. मोझेस एकदाच मतदारांसमोर गेले. १९३४ साली ते राज्यपालपदासाठी उभे राहिले आणि हर्बर्ट लेहमन यांच्याकडून आठ लाखांहून अधिक मतांनी हरले. त्याच वर्षी ते शहराचे उद्यान आयुक्त झाले होते आणि ट्रायबरो पुलाच्या प्राधिकरणावरही त्यांची नेमणूक झाली होती. लोकांनी इतक्या स्पष्टपणे नाकारलेला हा माणूस पुढची ३४ वर्षं त्याच लोकांच्या वस्त्यांचा नकाशा बदलत राहिला. पाच महापौर आले आणि गेले. एका टप्प्यावर मोझेस यांच्याकडे एकाच वेळी १२ पदं होती.

त्यांचं खरं बळ टोलनाक्यावर होतं. टोलच्या पैशातून पुलाचं कर्ज फिटलं की प्राधिकरण संपेल आणि पूल शहराच्या ताब्यात जाईल, अशी मूळ कल्पना होती. मोझेस यांनी १९३० च्या दशकात कायद्यात दुरुस्ती करून घेतली आणि जुनं कर्ज फिटण्याआधीच नवे कर्जरोखे काढण्याची सोय झाली. कर्ज कधी संपायचंच नाही, त्यामुळे प्राधिकरणही संपायचं नाही. शिवाय प्राधिकरणाचे अधिकार रोखेधारकांशी केलेल्या करारातच लिहून टाकले गेले, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार असा करार कुठल्याही राज्याला कायदा करून मोडता येत नाही. विधिमंडळानं दिलेला अधिकार विधिमंडळालाच परत घेता येईना! अखेर १९६८ मध्ये मोझेस बाजूला झाले, तेही मतदारांमुळे नव्हे. राज्यपाल नेल्सन रॉकफेलर यांनी ट्रायबरो नव्या वाहतूक प्राधिकरणात विलीन केलं. रोखेधारकांच्या वतीनं याला हरकत घेऊ शकणारी बँक होती चेस मॅनहॅटन, आणि ती राज्यपालांचे सख्खे भाऊ चालवत होते. लाखो लोकांच्या शहरात एका माणसाची सत्ता संपायला हे जुळून यावं लागलं.

या अधिकाराचं दुसरं टोक कुठं होतं, तेही बघा. डिसेंबर १९५२. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागातल्या ईस्ट ट्रेमाँट भागातल्या लोकांच्या टपालपेट्यांत एक पत्र पडलं. तुमची इमारत क्रॉस-ब्राँक्स एक्स्प्रेसवेच्या मार्गात येते, ९० दिवसांत जागा सोडा. जेमतेम एका मैलाच्या पट्ट्यात दीड हजारांहून जास्त कुटुंबं राहत होती. बहुतेक कष्टकरी ज्यू कुटुंबं, परवडणारं भाडं, मुलं चालत जातील एवढ्या अंतरावर शाळा, जवळच मोठी बाग. कुठल्याही मोजपट्टीनं ती झोपडपट्टी नव्हती. लोक हादरले, पण बसून राहिले नाहीत. तिथल्या गृहिणींनी पुढाकार घेतला. अभियंत्यांना गाठून त्यांनी दुसरा मार्ग आखून घेतला. रस्ता दोन गल्ल्या दक्षिणेला सरकवून क्रोटोना पार्कच्या कडेनं न्यायचा, एवढंच. तसं केलं असतं तर जवळपास सगळी घरं वाचत होती. निवडणूक प्रचारात या रहिवाशांची बाजू घेणारे रॉबर्ट वॅग्नर महापौर झाले, आणि त्यांच्याच कारकीर्दीत मोझेस यांचा मूळ मार्ग कायम झाला. वस्ती रिकामी झाली, स्फोट करून खडक फोडले गेले, रस्ता गेला. आजूबाजूच्या ज्या इमारती वाचल्या होत्या त्यांतलेही लोक धूळ आणि धडधडाट सोसेना म्हणून निघून गेले.

या साऱ्यात मला सगळ्यात जास्त काय टोचतं ते सांगते. लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, ते फक्त भावनेनं बोलतात, असं तुम्ही नेहमी म्हणता. त्या बायका नकाशा घेऊन गेल्या होत्या. तुमच्या भाषेत बोलल्या होत्या, तुमच्या फूटपट्टीनं मोजलेलं उत्तर घेऊन उभ्या होत्या. तेही चाललं नाही, कारण प्रश्न तांत्रिक नव्हताच. रेषा एकदा आखली की ती बदलायची नाही, कारण एकदा बदलली तर उद्या कुणीही येऊन बदलायला सांगेल, हा त्यामागचा हिशेब होता. आणि असा हिशेब ज्याला कुणाच्याही दारात मत मागायला जायचं नाही त्यालाच परवडतो.

तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले. आता आम्ही प्रारूप आराखडा प्रसिद्ध करतो, हरकती आणि सूचना मागवतो, सुनावणी ठेवतो.

अशा सुनावण्यांना मीही बसले आहे. भिंतीवर भलामोठा रंगीत नकाशा लावलेला असतो. त्यावर गल्ल्यांची नावं नसतात, क्रमांक असतात. एका सुनावणीत एक वयस्कर बाई चष्मा वर-खाली करत त्या नकाशावर बोट फिरवत होत्या. देऊळ कुठं, पाण्याची टाकी कुठं, अशा खुणा शोधत होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "माझं घर रेषेच्या आत आहे का बाहेर?" अधिकारी सौजन्यानं म्हणाले, "हे अजून संकल्पनेच्या पातळीवर आहे. नक्की रेषा मोजणीनंतर ठरेल." बाई म्हणाल्या, "मग मी हरकत कशावर घेऊ?" अधिकाऱ्यांनी पुढचा क्रमांक पुकारला.

ते अधिकारी वाईट नव्हते. वेळापत्रकानं बांधलेले होते, संध्याकाळपर्यंत त्यांना शेकडो अर्ज संपवायचे होते. पण त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही सगळ्यांनी मिळून द्यायला हवं. मोजणीआधी आराखडा इतका मोघम असतो की हरकत घेता येत नाही, आणि मोजणीनंतर तो मंजूर झालेला असतो. मग बोलायचं कधी? शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं झुलवायचं किंवा समजूत काढायची, मधल्या पायऱ्यांवर माहिती द्यायची आणि मत ऐकून घ्यायचं, आणि वरच्या तीन पायऱ्यांवरच खरी सत्ता हातात येते. इतकी वर्षं तुमच्या वर्गांत ती शिडी शिकवली जाते. तरी सुनावणीचं दालन अजून चौथ्या पायरीवरच आहे. ऐकून घेतलं जातं, पण ऐकल्यावर काही बदलण्याचं बंधन कुणावर नाही.

मोझेस यांच्यासारखी माणसं निदान दिसतात तरी. त्यांच्याशी भांडता येतं. त्याहून खोलवर जाणारी सत्ता तुमच्या नियमपुस्तिकांमध्ये आहे, आणि तिला चेहराच नाही. पार्किंगचंच बघा. इतक्या चौरस फुटांच्या दुकानाला इतक्या गाड्यांची जागा हवी, इतक्या खोल्यांच्या घराला इतकी, असे आकडे अमेरिकेतल्या शेकडो शहरांनी विसाव्या शतकात एकमेकांकडून उतरवून घेतले. नियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी वर्षानुवर्षं या आकड्यांचा माग काढला. त्यांना दिसलं ते असं, की बरेचसे आकडे मोजक्याच ठिकाणच्या पाहणीवर उभे होते, तेही शहराबाहेर, जिथं पार्किंग फुकट आणि बसची सोय जवळपास नाही अशा ठिकाणच्या. त्या आकड्यांनी छोटी दुकानं उभी राहणं अवघड केलं, चालत जाण्याजोगे बाजार पसरट करून टाकले, आणि गाडी नसलेल्या माणसाच्या घरभाड्यातही गाडीच्या जागेचा खर्च घातला. हे धोरण म्हणून कुणी मतदारांसमोर मांडलं असतं तर केवढा वाद झाला असता! पण ते परिशिष्टातल्या तक्त्यातून आलं, म्हणून कुणाला दिसलंच नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहरानं २०१७ मध्ये ही सक्ती शहरभर काढून टाकली. ज्यावाचून शहर चालणारच नाही असं सांगितलं जात होतं, ती गोष्ट निव्वळ सवयीनं चालत आलेली निघाली.

तुमच्या पुस्तिकेत असे आणखी किती तक्ते आहेत? रस्त्याची किमान रुंदी, वळणाची त्रिज्या, दोन इमारतींमधलं अंतर, तळमजल्यावर दुकान चालेल की नाही. यातल्या काहींमागे पक्कं शास्त्र आहे. अग्निशमनाची गाडी वळलीच पाहिजे, यावर माझा वाद नाही. पण कुठल्या आकड्यामागे शास्त्र आहे आणि कुठल्यामागे फक्त परंपरा, हे तुम्ही आम्हाला कधीच वेगळं करून सांगत नाही. सगळं एकाच अक्षरात, एकाच अधिकारवाणीनं छापलेलं असतं.

आणि मग येतात तुमचे शिक्के. जीर्ण, मोडकळीस आलेला, पुनर्विकासयोग्य. वस्तीवर एकदा असा शिक्का बसला की तिथल्या चांगल्या घरालाही वेगळं अस्तित्व उरत नाही. वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातल्या एका दुकानाच्या मालकांनी हेच म्हणणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेलं होतं. आमची इमारत धड आहे, ती का घेता? १९५४ साली बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यात न्यायालयानं एकमतानं निकाल दिला. संपूर्ण परिसराचं नियोजन करायचं तर एकेका इमारतीची स्थिती बघण्याची गरज नाही, असा त्याचा अर्थ. त्या निकालानं पाडापाडीला मोकळी वाट मिळाली. बॉस्टनचा वेस्ट एंड १९५८ पासून जमीनदोस्त झाला. इटालियन, ज्यू, पोलिश स्थलांतरितांची ती दाट वस्ती होती आणि सुमारे २,७०० कुटुंबांना तिथून जावं लागलं. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञानं नंतर त्या लोकांशी बोलून अभ्यास केला. जवळचं माणूस गेल्यावर होतो तसा शोक त्याला त्यांच्यात आढळला, आणि काहींमध्ये तो दोन वर्षं उलटली तरी ओसरला नव्हता. त्या जागी उंच, महागडे मनोरे आले. शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाच्या प्रमुखांनी वेस्ट एंडच्या लोकांची जाहीर माफी मागितली, ती २०१५ मध्ये. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण तोवर मूळ रहिवाशांपैकी कितीतरी जण हयातच नव्हते.

सॅन फ्रान्सिस्कोत पुनर्विकास संस्थेचे प्रमुख जस्टिन हर्मन यांच्या काळात फिलमोर परिसर असाच उठवला गेला. कृष्णवर्णीयांची घरं, दुकानं, संगीताचे क्लब तिथं होते. उठवलेल्या कुटुंबांना प्राधान्यपत्रं दिली होती: नवी घरं झाली की तुम्हाला आधी. घरं व्हायला इतका काळ गेला, आणि झाली ती इतकी महाग, की पत्र हातात असूनही फार थोडे परत येऊ शकले. पुढे हा हक्क वारसांपर्यंत वाढवण्याची वेळ आली. हर्मन यांचं नाव शहरातल्या एका मोठ्या चौकाला दिलेलं होतं. २०१७ मध्ये लोकप्रतिनिधींनी ते काढायचा ठराव केला. नाव काढणं सोपं होतं.

आणि अमेरिकेतलंच न्यू लंडन शहर? तिथं शहरानं नेमलेल्या एका खासगी विकास महामंडळानं चांगली राहती घरं मागितली, औषध कंपनीच्या केंद्राशेजारी हॉटेलं आणि कार्यालयं उभी करायला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी हा सार्वजनिक उपयोगच आहे असं मान्य केलं. घरं गेली. चारच वर्षांत कंपनीनं तिथून निघायचं जाहीर केलं, आणि ती जमीन वर्षानुवर्षं गवत वाढवत पडून राहिली. याची जबाबदारी कुणावर आली? माझ्या माहितीत तरी, घर गमावलेल्यांशिवाय कुणावरच नाही.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद घेते, कारण तो टाळून पुढे जाणं योग्य होणार नाही. लोकांना विचारत बसलं तर चांगलंही काही होत नाही, हा तो युक्तिवाद. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराचं उदाहरण तुम्ही देता. तिथं १९७१ मध्ये लष्करी राजवटीनं जेमी लर्नर या वास्तुरचनाकाराला महापौर नेमलं. निवडून आलेले नव्हते ते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शहरातला मुख्य बाजाररस्ता मोटारींसाठी बंद करून पादचाऱ्यांना दिला. काम शुक्रवारी संध्याकाळी सुरू केलं आणि ७२ तासांत आटोपलं, दुकानदारांना न्यायालयात जायला वेळच मिळू नये म्हणून. दुकानदार भडकले होते. पण थोड्याच दिवसांत गर्दी वाढली, धंदा वाढला आणि शेजारच्या गल्ल्यांतले दुकानदार आमचाही रस्ता बंद करा म्हणू लागले. विचारलं असतं तर हे झालं नसतं, असं तुमचं म्हणणं.

मी या उदाहरणावर खूप विचार केला आहे, आणि मला त्यातून तुमच्यापेक्षा वेगळीच गोष्ट दिसते. लर्नर यांनी जे केलं ते पुढच्या शुक्रवारी परत फिरवता आलं असतं. फरसबंदी उखडायची, कुंड्या उचलायच्या, मोटारी सोडायच्या. कुणाचं घर पडलं नव्हतं. प्रयोग फसला असता तर त्याची किंमत एका आठवड्याच्या धंद्याएवढी होती. न्यूयॉर्कमध्येही, मोझेस यांच्याच शहरात, २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवे वाहनांसाठी बंद केला तेव्हा परिवहन आयुक्त जॅनेट सादिक-खान यांनी आधी रंगाचे पट्टे मारले आणि स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. त्याही नेमलेल्याच होत्या, निवडून आलेल्या नव्हत्या. महिने मोजले, अपघात मोजले, लोकांची ये-जा मोजली, आणि मग २०१० मध्ये तो बदल कायम केला.

क्रॉस-ब्राँक्स असा परत फिरवता येतो का? वेस्ट एंड येतो का? माझं सगळं म्हणणं या फरकात आहे. जे पुसता येतं ते तुम्ही बिनदिक्कत करून बघा. त्यासाठी आमच्या सह्यांची वाट बघू नका. उलट अधिक धाडसानं करा, आम्ही कुरकुरलो तरी करा. पण जे पुसता येणार नाही, म्हणजे घर पाडणं, वस्ती दुभंगणारा रस्ता, नदीपात्रातली भिंत, एकदा विकली की परत न येणारी सार्वजनिक जमीन, तिथं तुमचं ज्ञान पुरेसं नाही. तिथं आमची संमती लागते. तुम्ही हुशार असलात तरी लागते, तुमचा हेतू स्वच्छ असला तरी लागते. कारण चूक झाली तर ती तुमच्या बदलीनंतरही आमच्या दारात राहते. आज मात्र नेमकं उलटं चालतं. रस्त्यावर दोन बाकं टाकायची तर सात खात्यांची परवानगी लागते, आणि उड्डाणपुलाचा मार्ग मात्र एका बंद खोलीतल्या सादरीकरणात ठरून जातो.

कमी पाडून शहर सुधारता येतं, हे आपल्याकडेही फार पूर्वी कुणीतरी दाखवून दिलं होतं. पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि एकामागून एक जुन्या शहरांचे अहवाल लिहीत गेले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापकही झाले. दाट वस्तीतून सरळसोट रुंद रस्ते काढायच्या त्या काळच्या योजनांना त्यांनी ठाम विरोध केला. आधी पायी फिरायचं, गल्ली न गल्ली बघायची. एखादं पडकं घर काढलं तर हवा खेळते का, कुठला कोपरा उघडला तर दोन अंगणं जोडली जातात, कुठल्या झाडाभोवती बसायची जागा होते, हे शोधायचं. बाकीची वस्ती आहे तशी राहू द्यायची. वेळ लागतो, आणि नकाशावर हे काम देखणं दिसत नाही. कदाचित म्हणूनच ते मागे पडलं. ॲमस्टरडॅमच्या न्यूमार्क्ट भागात १९७५ मध्ये मेट्रोसाठी घरं पाडताना लोक आणि पोलीस रस्त्यावर भिडले, तेव्हा कुठं मेट्रोच्या वर जुन्याच गल्ल्यांच्या आखणीनुसार घरं पुन्हा बांधली गेली. हे आधीही करता आलं असतं.

संमती म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न आहेच, आणि तो सोपा नाही. सभेला जे येतात ते म्हणजे सगळी वस्ती नव्हे. मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ शहरा-गावांच्या नियोजन सभांची इतिवृत्तं संशोधकांनी तपासली, तेव्हा बोलणाऱ्यांत वयस्कर, पुरुष आणि घरमालक यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा बरंच जास्त निघालं, आणि त्यातले बहुतेक जण नव्या घरांच्या विरोधात बोलत होते. भाडेकरू, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाया, अजून त्या वस्तीत यायचे असलेले लोक सभेत नसतात. त्यामुळे नुसत्या सुनावण्या वाढवा असं मी म्हणत नाही. ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे त्यांच्या हातात नकाराधिकार देऊन न्याय होत नाही. संमती घ्यायची तर दारोदार जावं लागेल, भाडेकरूला मालकाइतकंच मोजावं लागेल, रविवारी आणि रात्री बसावं लागेल. हे काम महाग आहे, मान्य. पण भूसंपादनाचे खटले, रखडलेले प्रकल्प आणि मोकळ्या पडलेल्या जमिनी याहून स्वस्त आहेत का?

म्हणून मागणं असं आहे. घरं उठवणारा कुठलाही प्रस्ताव मांडाल तेव्हा एकच नकाशा आणू नका. जे पर्याय तुम्ही बघितलेत आणि बाजूला ठेवलेत, तेही त्याच भिंतीवर लावा. प्रत्येकाखाली किती कुटुंबं उठतात, किती दुकानं जातात, किती मिनिटं वाचतात आणि किती खर्च येतो, हे लिहा. गल्ल्यांची नावं आमच्या तोंडी आहेत ती लिहा. पर्याय नाकारला तर कुणी नाकारला आणि का, हे त्या अधिकाऱ्याच्या नावासह आणि सहीसह लिहा. "सक्षम प्राधिकरणाच्या निर्णयानुसार" हे उत्तर आम्हाला नको, कारण त्या उत्तराशी बोलता येत नाही. शेवटचा होकार किंवा नकार अशा माणसांच्या हातात असू द्या ज्यांना पुढच्या निवडणुकीत आम्ही घरी पाठवू शकतो. ती माणसं चुका करतील, लोभाला बळी पडतील, हे मला माहीत आहे. तरीही त्यांना काढता येतं. कर्जाच्या करारात, महामंडळाच्या घटनेत किंवा सल्लागाराच्या गोपनीय अहवालात हा अधिकार लपवून ठेवू नका.

आणि ज्यांना उठवलंत त्यांचा माग ठेवा. वीस वर्षं ठेवा. कुठं गेले, मुलांची शाळा सुटली का, कामाला जायला किती वेळ लागतो, परत येण्याचं आश्वासन दिलं होतं तर किती जण आले. वाहनांची मोजणी तुम्ही दर काही वर्षांनी करताच. माणसांचीही करा, आणि पुढचा प्रस्ताव मांडताना मागच्याचा हा हिशेब पहिल्या पानावर द्या.

तुमच्यात असे अनेक जण आहेत ज्यांना हे सगळं माझ्याहून चांगलं कळतं. बैठकीत दुसरा मार्ग सुचवून गप्प बसवले गेलेले कनिष्ठ नियोजनकार मला भेटले आहेत. त्यांच्याकडे आकडे असतात, वस्तीत फिरून आलेले डोळे असतात, फक्त त्यांचं टिपण फाइलच्या बाहेर येत नाही. हे पत्र विशेषकरून त्यांच्या वरिष्ठांसाठी आहे. आज तुमच्या टेबलावर एखाद्या मार्गाची किंवा पुनर्विकासाची फाइल मंजुरीसाठी असेल, तर सही करण्याआधी त्यातलं नाकारलेलं टिपण वर काढा आणि मंजूर प्रस्तावाशेजारी ते प्रसिद्ध करा. तीस दिवस द्या. आम्ही दोन्ही वाचू, आमच्या अभियंत्यांना दाखवू, आणि तुम्हाला लेखी उत्तर देऊ.

आपली,
एक शहरवासी